थंडोबाचा माग

नणंदेचा फोन आला तेव्हा वहिनी प्रयोगशाळेत एका बाटलीला लोहचुंबक लावून बसली होती. नणंद कामाच्या वेळात कधी फोन करायची नाही, आणि केलाच तर "दादा कुठाय?" यापलीकडे बोलणं जायचं नाही. आज मात्र ती एका दमात म्हणाली, "वहिनी, तुझं ते सोन्याचं पाणी घेऊन ये. आजच ये. आणि त्या कागदी पट्ट्या असतील तितक्या आण."

वहिनीने फोन कानापासून लांब धरून पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. नणंदच होती.

ही तीच नणंद, जी गेली कित्येक वर्षं जेवणाच्या टेबलावर वहिनीच्या कामाची टर उडवत आली होती. वहिनी विद्यापीठात नॅनोकणांवर काम करायची. सोन्याचे आणि लोखंडाच्या गंजाचे कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी उभे राहतील. या कणांना तिने एकाच जातीच्या जंतूला चिकटतील अशी प्रथिनं लावली होती. गंजाचे कण जंतूला धरून ठेवायचे, सोन्याचे कण त्याला रंग द्यायचे, आणि कागदाच्या बोटभर पट्टीवर लाल रेघ उमटायची. वीस मिनिटांत. नणंद आइस्क्रीमच्या कारखान्यात मालाच्या गुणवत्तेची प्रमुख. तिचा सगळा विश्वास काचेच्या प्लेटवर, जिच्यात जंतूंना खाऊपिऊ घालून वाढवायचं आणि तीन दिवसांनी मोजायचं. "तुझ्या पट्ट्या म्हणजे लहान मुलांचं खेळणं," असं ती म्हणायची, आणि वहिनी म्हणायची, "वन्सं, तुझं उत्तर येईपर्यंत माणूस बरा तरी होतो नाहीतर जातो तरी." 'वन्सं' ही हाक वहिनी मुद्दाम जुन्या चालीने मारायची, म्हणजे नणंद आणखी चिडायची.

"काय झालंय?" वहिनीने विचारलं.

"थंडोबा आलाय."

थंडोबा म्हणजे लिस्टेरिया. बाकीचे जंतू गारठ्यात गपगार पडतात. हा मात्र फ्रीजच्या थंडीतही हातपाय पसरतो, म्हणून नणंदेने त्याला ते नाव ठेवलं होतं. धडधाकट माणसाला तो एखादवेळी पचूनही जातो, पण गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस यांच्या जिवावर बेततो.

"आइस्क्रीममध्ये?"

"अजून नाही. फरशीवर. पण फरशीवरून कपात जायला त्याला किती वेळ लागणार? मी उत्पादन बंद करून ठेवलंय, तयार माल कोल्ड स्टोअरमध्ये अडकवून ठेवलाय." नणंदेचा आवाज थोडा खाली आला. "पहिल्यांदा पॅकिंगच्या खोलीत सापडला. म्हणजे सोमवारी फरशीवर स्पंज फिरवला आणि उत्तर आलं गुरुवारी. लगेच खोली घासूनपुसून काढली. तर तोवर हा मिक्सिंगच्या खोलीत. तिथे गेले, तर हा भरणीच्या खोलीत, जिथे कप भरतात तिथे. मी पोचते तिथून तो कधीच निघून गेलेला असतो. मी त्याच्या तीन दिवस मागे चालतेय, वहिनी."

"जंतूला पाय नसतात गं."

"तेच म्हणतेय मी. कुणीतरी त्याला फिरवतंय. कोण ते मला माझ्या प्लेटा कधीच सांगणार नाहीत. आणि आज नाही सापडला तर उद्यापासून बाहेरची माणसं येऊन सगळा कारखाना उघडा करणार. एकूण एक यंत्र सुटं. म्हणजे हा हंगाम गेलाच."

वहिनीने लोहचुंबक बाजूला ठेवला. एक गोष्ट तिने नणंदेला कधी सांगितली नव्हती. तिच्या पट्टीने आजवर हजारदा जंतू पकडला होता, पण प्रत्येक वेळी तो तिनेच बाटलीत सोडलेला होता. स्वतः लपवायचं आणि स्वतःच शोधून काढायचं, असा तो खेळ होता. कुणाच्या पाण्यात, कुणाच्या फरशीवर, कुणालाच ठाऊक नसलेला एकही जंतू पट्टीने अजून धरला नव्हता.

"निघालेच," ती म्हणाली.

गाडी नवऱ्याने चालवली, कारण वहिनीच्या मांडीवर थंड पेटी होती आणि ती पेटी ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हती. कारखान्याच्या फाटकाशी उतरताना तो म्हणाला, "माझी बायको आणि माझी बहीण दिवसभर एका खोलीत. मी आत येत नाही. काही तुटलंफुटलं तर फोन करा."

आत जायचं म्हणजे आधी स्वतःलाच धुऊन काढायचं होतं. घड्याळ, अंगठी काढा, हात कोपरापर्यंत घासा, पांढरे गमबूट घाला, टोपीत एकूण एक केस कोंबा. नणंद दाराशीच उभी होती. तिचे डोळे खोल गेले होते, पण ॲप्रनची इस्त्री नेहमीसारखी कडक. तिच्या शेजारी मॅनेजर होता, थोराड बांध्याचा माणूस. त्याची टोपी त्याला लहान होत होती आणि दर थोड्या वेळाने ती टुणकन वर उडायची.

प्रयोगशाळेच्या ओट्यावर वहिनीने पेटी उघडली. एका बाटलीत कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी, दुसरीत डाळिंबाच्या रसासारखं लालभडक.

"हे सोनं?" मॅनेजरने वाकून पाहिलं. "सोनं तर पिवळं असतं."

"मोठं असतं तोवर. इतकं बारीक केलं की ते लाल दिसायला लागतं."

"म्हणजे आमच्या हिच्या बांगड्या दळल्या तर..."

"दळून देणारी चक्की मिळाली तर," वहिनी म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच नणंद किंचित हसली. लगेच तिने ते हसू आवरलंही. तिने फ्रीजमधून तीन छोट्या बाटल्या काढून ओट्यावर मांडल्या. तिन्हींत नुसतं पाणी असावं असं दिसत होतं.

"यातल्या एकीत मी थंडोबा टाकलाय. अगदी थोडा. एकीत दुसराच एक निरुपद्रवी जंतू आहे आणि एकीत नुसतं पाणी. कुठे काय ते सांगणार नाही."

"वन्सं, पाहुणीला पाणी तरी विचारायचं आधी."

"पाणीच तर दिलंय. तीन तीन बाटल्या."

वहिनीने प्रत्येक बाटलीत तपकिरी थेंब सोडले, हलवलं, मग बाटलीच्या अंगाला लोहचुंबक टेकवला. बघता बघता सगळा तपकिरी रंग पाण्यातून वेचल्यासारखा एका बाजूला गोळा झाला, आणि चुंबकासमोर काचेला तीट लावावी तसा एक ठिपका उरला. बाटलीत कुठेही जंतू असला तर तो आता त्या ठिपक्यात असणार. तिने वरचं पाणी ओतून दिलं, ठिपक्यावर लाल पाण्याचे थेंब टाकले, पुन्हा धुतलं, आणि जे उरलं ते पट्टीच्या टोकाला लावलं. ओल कागदातून वर चढायला लागली. पट्टीवर वरच्या अंगाला एक रेघ दर वेळी यायलाच हवी, पट्टी चालू आहे हे सांगणारी. खालची रेघ फक्त थंडोबा असला तर.

मधल्या बाटलीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. बाकी दोन्हींवर एकच.

नणंदेने पट्टी उजेडाकडे धरली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. "बरं," ती म्हणाली. घरात सगळ्यांना माहीत होतं की नणंदेचं 'बरं' म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टाळ्या.

मग त्या कामाला लागल्या. नणंद ओला स्पंज घेऊन फरशीवर, मोरीच्या जाळीवर, यंत्रांच्या पायांशी, दारांच्या उंबऱ्यांवर गुडघे टेकून फिरत होती. वहिनी मागून छोटी ढकलगाडी घेऊन. गाडीवर स्पंज पिळायला बाटल्या, चुंबक, पट्ट्या. मिक्सिंगच्या खोलीत स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या मूग गिळून बसल्या होत्या. भरणीच्या खोलीत कप ओढून नेणारा पट्टा थांबलेला होता आणि त्यावर रिकाम्या कपांची एक रांग जागच्या जागी अडकून राहिली होती. एरवी कानठळ्या बसवणाऱ्या त्या खोल्यांत आता कुठेतरी लांब फरशी धुण्याच्या मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मिक्सिंगची पट्टी कोरी, म्हणजे वरची तेवढी रेघ. टाक्यांच्या पायांची कोरी. भरणीच्या खोलीतल्या चारही कोपऱ्यांची कोरी. प्रत्येक कोऱ्या पट्टीला नणंद सुटकेचा श्वास सोडत होती आणि वहिनी मात्र तीच पट्टी पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून बघत होती. पट्टी कोरी आहे म्हणजे जंतू नाही, की जंतू आहे आणि पट्टीला दिसत नाही? साध्या पाण्यात पोहणारा जंतू धरणं वेगळं आणि तेलकट, चिकट, दुधाळ फरशीवरचा धरणं वेगळं.

पॅकिंगच्या खोलीची पट्टी तिने गाडीवर ठेवली आणि पुढच्या बाटलीकडे वळली. परत पाहिलं तेव्हा खालच्या जागी काहीतरी होतं. रेघ म्हणावी की डोळ्यांचा भास, असं. तिने डोळे मिटून उघडले. फिकट गुलाबी, पण सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वन्सं."

नणंद उठून आली. दोघी पट्टीवर वाकल्या. रेघ त्यांच्यासमोर हळूहळू गडद झाली, जणू दोघींनी नीट बघेपर्यंत थांबली होती.

वहिनीला उड्या माराव्याशा वाटत होत्या. तिने न लपवलेला, कुणालाच माहीत नसलेला, खराखुरा जंतू तिच्या पट्टीने धरला होता, आणि तोही इथे, या क्षणी असलेला. तीन दिवसांपूर्वीचा नव्हे. तिने मान वर केली तर नणंद भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. वहिनीला आपल्या आनंदाची एकदम लाज वाटली.

"तुला बरं वाटतंय का?" वहिनीने विचारलं.

"तुझं तोंड बघ आरशात," नणंद म्हणाली. "लॉटरी लागल्यासारखं झालंय. असू दे. चल, पुढे चल. थांबू नकोस आता."

आता खरा लपंडाव सुरू झाला. खोलीच्या आतल्या भिंतीकडे रेघ फिकट, दाराकडे जास्त. दाराबाहेर बोळात आणखी जास्त. प्लेटच्या भरवशावर हा प्रवास करायचा तर एकेका पावलाला तीन दिवस लागले असते. इथे एक पट्टी ओली होईपर्यंत दुसऱ्या जागेचा स्पंज तयार असायचा. नणंदेचा थकवा कुठल्या कुठे पळाला. ती पुढे पळत होती, "इथे बघ, इथे बघ" करत होती, आणि वहिनीला तिच्या मागे धावताना मोठ्या गमबुटांत पाय सांभाळावे लागत होते. मॅनेजर मध्येच डोकावून गेला. या दोघींना फरशीवर रांगताना पाहून त्याने काही विचारायचं धाडस केलं नाही.

बोळात रेघ गडद होत होत एका वळणावर पोचली आणि तिथे दोन वाटा फुटत होत्या. एक कोल्ड स्टोअरकडे, एक परत भरणीच्या खोलीकडे. कोल्ड स्टोअरकडची पट्टी कोरी आली. नणंदेने कपाळावरचा घाम पुसला.

"आणि भरणीची तर सकाळीच कोरी आलीये. म्हणजे इथेच, या वळणावर काहीतरी आहे."

"तरी एकदा बघू."

"अगं, चार कोपरे तपासलेत आपण."

"सकाळी तपासलेत."

त्या भरणीच्या खोलीत गेल्या. फरशी ओली होती, नुकतीच धुतलेली, आरशासारखी चकचकीत. नणंदेने दारापाशी स्पंज फिरवला. वहिनीने पट्टी लावली. यावेळी वाट बघावी लागलीच नाही. ओल वर चढतेय न चढतेय तोच खालची रेघ ठसठशीत लाल उमटली, सबंध दिवसातली सगळ्यांत गडद.

नणंदेने पट्टीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, आणि तिचे हात कमरेवर गेले.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण सकाळी इथे काही नव्हतं. आत कुणी आलेलं नाही, काही चाललेलं नाही. मधल्या वेळात इथे काय झालं? फरशी धुतली गेली. पॅकिंगची खोली कधी धुतली? आपण यायच्या जरा आधी. बोळ? त्यानंतर. तुझ्या पट्टीला थंडोबा नाही दिसत. तिला साबण दिसतोय."

हे खोटं आहे असं वहिनीला म्हणता येईना. साबण हा सोन्याच्या कणांचा जुना वैरी. पूर्वी एकदा बाटली नीट विसळली गेली नव्हती तर उरलेल्या साबणाने सगळं लाल पाणी जांभळं पडलं होतं आणि अख्ख्या आठवड्याची मेहनत मोरीत ओतावी लागली होती. सकाळपासून आपण जंतूमागे नव्हे, साबणाच्या फेसामागे पळत होतो की काय? आणि नणंदेला हंगाम वाचवायच्या शेवटच्या दिवशी भलत्याच वाटेला लावलं?

वहिनी म्हणाली, "साबण कुठला वापरता? ज्या पिंपातून घेतात त्या पिंपातला दे. त्यांच्याच मापाने पाण्यात कालव."

नणंद जातीने गेली आणि कालवून प्रयोगशाळेत घेऊन आली. वहिनीने त्यात तपकिरी थेंब सोडले. चुंबक दोन्ही हातांनी धरला. ठिपका, धुणं, लाल थेंब, पट्टी. दोघी ओट्यापाशी पट्टीवर वाकल्या. वरची रेघ आली. खालची जागा कोरी. त्या थांबल्या. वीस मिनिटं झाली, आणखी थोडा वेळ झाला. कोरीच.

"साबण नाही," नणंद हळूच म्हणाली.

"नाही."

"मग धुतल्यावरच का येतोय?"

ती हे म्हणाली आणि त्याच वेळी काचेच्या दारापलीकडून बोळातून घरघर करत मशीन गेलं. कारखान्यात त्याला सगळे हत्ती म्हणायचे. करड्या रंगाचं, गोलमटोल, डुलत डुलत चालणारं, मागे जाड नळीची सोंड. पुढून साबणाचं पाणी सोडायचं, पोटाखालच्या ब्रशने फरशी घासायची आणि मागे जमिनीला टेकलेल्या रबराने घाण पाणी ओढून पोटात घ्यायचं, हे त्याचं काम. रोज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नणंदेने हातातली पट्टी ओट्यावर ठेवली आणि दार ढकलून जवळजवळ धावतच बाहेर पडली.

हत्ती चालवणारी बाई तिथे पुष्कळ वर्षं होती. तिला सगळे हत्तीवाली म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. नणंदेने हात वर करून थांबवलं तशी तिने मशीन बंद केलं आणि दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहत विचारलं, "काय झालं मॅडम? कुठे राहिलं का?"

"काही राहिलं नाही. हत्तीला जरा तपासायचंय."

स्वच्छ पाण्याच्या टाकीचा नमुना घेतला. कोरा. घाण पाण्याच्या टाकीचा घेतला. पट्टीवर रेघ अशी काही उमटली की वहिनीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. पण टाकीतलं पाणी हे फरशीवरून ओढलेलं, तिथे जंतू असणारच. तो फरशीवर सुटतोय कुठून? वहिनी मशीनच्या मागे खाली बसली. जमिनीला टेकणारं रबर दुहेरी होतं, दोन थर एकमेकांवर बसवलेले, आणि एका टोकाला वरचा थर नखभर फाटलेला. तिने बोटाने दाबलं. फटीतून काळपट, बुळबुळीत काहीतरी बाहेर आलं.

"पाना आणा," नणंद म्हणाली.

रबर उघडलं. आत, दोन थरांच्या मध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच काळा बुळबुळीत थर बसलेला होता. थंड, ओला, साबणाच्या आवाक्याबाहेर. थंडोबाला याहून चांगलं घर बांधून देताच आलं नसतं. मशीन चाललं की रबर दबायचं, आणि धुतलेल्या, चकचकीत फरशीवर थोडा थोडा थंडोबा सुटायचा. त्या थराच्या पट्टीवर तर खालची रेघ वरच्या रेघेच्या आधी आली.

वहिनी तशीच फरशीवर बसून राहिली आणि हसायला लागली. हसू थांबेना. दमून, आनंदाने, भीती सरल्यामुळे, या सगळ्यामुळेच. नणंद मात्र हसत नव्हती.

"पुन्हा पुन्हा धुवा असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पहिल्यांदा सापडला त्या दिवशी. दिवसातून एकदा हत्ती फिरायचा, तो मी दिवसभर फिरवायला लावला. मीच त्याला घरोघर पोचवून आले."

हत्तीवालीने पदराच्या जागी ॲप्रनचं टोक हातात घट्ट धरलं होतं. "मॅडम, मी टाकी रोज धुते. रोज. तुम्ही विचारा कुणालाही."

नणंद वळली. "तुझी टाकी स्वच्छच असते, मला माहितीये. हे रबर उघडायला पाना लागतो, आणि तो पाना आम्ही तुला कधी दिलाच नाही. यात तुझं काही नाही." मग एकदम तिचा आवाज बदलला, कामाचा झाला. "हत्ती बाहेर न्या. सगळ्या खोल्या आज हाताने धुवायच्या, नवे ब्रश काढा. मॅनेजर साहेबांना बोलवा."

मॅनेजर आला. त्याने पट्टी पाहिली, रबर पाहिलं, आणि त्याची टोपी उडाली ती त्याने उचललीही नाही. "म्हणजे सापडला," तो म्हणाला. "मग उद्याची माणसं नको म्हणून सांगतो. परवा सुरू करू."

"नाही," नणंद म्हणाली.

वहिनीने चमकून पाहिलं.

"हिची पट्टी जंतू ओळखते. तो मेलेला आहे की जिवंत, ते ती सांगत नाही. बरोबर ना वहिनी? साबणाने, औषधाने मेलेला थंडोबाही रेघ काढणार. या रबरातला थर मी प्लेटवर घालणार. वाढला तर तो जिवंत होता, आणि आपला चोर हाच. खोल्यांचे नमुनेही घालणार. बाहेरच्या माणसांना थांबवा, पण सुरू करायचं ते प्लेट बघूनच."

नणंदेचं सोळा आणे खरं होतं. "बरोबर आहे," वहिनी म्हणाली. "पण तोवर मी रोज सकाळी येणार. पट्ट्या घेऊन."

"ये की. तुला कोण नको म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या खोल्यांच्या पट्ट्या कोऱ्या आल्या. तिसऱ्या दिवशीही. वहिनीला घरी चैन पडत नव्हतं. भाजी चिरताना ती मध्येच सुरी ठेवून कागदावर काहीतरी आकडेमोड करायची, आणि नवरा म्हणायचा, "तुझा थंडोबा प्लेटवर उगवायच्या आधी मला जेवायला मिळेल का?"

ज्या दिवशी उत्तर यायचं त्या दिवशी सुट्टी होती. नणंदेचा फोन आला नाही, नणंदच आली. दारातून आत येताना चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत. मोबाइल वहिनीच्या नाकासमोर धरला. काचेच्या प्लेटवर निळसर हिरव्या ठिपक्यांची नुसती जत्रा भरली होती.

"रबराची," नणंद म्हणाली. "भरलीये बघ. जागा शिल्लक नाही. जिवंत, चांगला खाऊनपिऊन सुखी."

"आणि खोल्यांच्या?"

"साफ. एकूण एक."

"खरी प्लेट घरात आणली नाहीस ना?" नवऱ्याने आतून विचारलं.

"फोटो आहे, दादा. तू गप."

मग दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या. वहिनीला तो थंडोबा हवा होता, बंद बाटलीत, आपल्या प्रयोगशाळेसाठी. आजवर तिने पाळलेल्या जंतूंवरच पट्टी घडवली होती, हा बाहेरच्या जगात वाढलेला, साबणाला पुरून उरलेला. याच्यावर घासून तिला पट्टी आणखी धारदार करायची होती. नणंदेला दर पाळीला पट्ट्या हव्या होत्या, आणि त्या लावायला शिकलेलीच माणसं हवीत असं नको होतं. तिला चुंबक बाटलीच्या बुडाशी बसवून हवा होता म्हणजे एक हात मोकळा राहील. वहिनी म्हणाली बुडाशी नाही, अंगालाच, पण चाप करून देते. नणंद म्हणाली चाप गंजेल. वहिनी म्हणाली प्लॅस्टिकचा करते. नवऱ्याने दोघींच्या मध्ये ताटं आणून ठेवली आणि स्वतः शांतपणे जेवून घेतलं.

कारखाना दुसऱ्या दिवशी सुरू झाला. हत्तीला नवं एकपदरी रबर बसवलं होतं आणि पाना हत्तीवालीच्या कमरेला होता. पहिल्या पाळीच्या पट्ट्या नणंदेने तिच्याच हातून लावून घेतल्या. वहिनी विद्यापीठात होती. ती वीस मिनिटं तिने प्रयोगशाळेत या ओट्यापासून त्या ओट्यापर्यंत येरझारा घातल्या, एक बाटली उगाच तीनदा विसळली. मग फोन वाजला. पलीकडे यंत्रांचा असा गदारोळ होता की नणंदेचं बोलणं धड ऐकूच येईना.

"काय म्हणतेस?" वहिनीने दुसऱ्या कानावर हात दाबला. "मोठ्याने बोल."

"कोऱ्या," नणंद ओरडून म्हणाली. "सगळ्या कोऱ्या. पट्टा चालू केलाय. हा आवाज ऐकतेस ना? कप चाललेत, वहिनी."